नेटवर्कची शिरगणती : उपकरणशोधाचा आणि त्यातील दोषांचा इतिहास

मोठ्या संस्थेच्या संगणक-नेटवर्कचा कारभार ज्या सॉफ्टवेअरकडे सोपवलेला असतो, त्याचे पहिले काम म्हणजे त्या नेटवर्कवर कोणकोणती उपकरणे आहेत हे स्वतःहून शोधून काढणे. सर्व्हर, राउटर, स्विच, प्रिंटर, साठवणयंत्रे आणि कॅमेरे यांची यादी हाती आल्याखेरीज कोणत्या यंत्रावर सुरक्षेची दुरुस्ती बसवायची राहिली आहे, कोणते यंत्र मुदत संपूनही चालू आहे आणि बिघाड झाल्यास त्याची झळ कुठवर पोहोचेल, यांपैकी कशाचेच उत्तर देता येत नाही. या कामाला उपकरणशोध म्हणतात. अशा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसोबत ज्ञात दोषांचे एक टिपण येते आणि कंपनी कोणतीही असली तरी त्यात बहुधा त्याच त्या तक्रारी आढळतात : एकच सर्व्हर यादीत दोनदा दिसतो, सुरळीत चालू असलेला स्विच बंद म्हणून नोंदला जातो, कॅमेऱ्याची गणना सर्व्हरमध्ये होते, भंगारात गेलेले यंत्र यादीतून हटत नाही आणि नकाशावर दोन स्विचांमध्ये मुळात नसलेली तार काढलेली असते.

हे दोष प्रोग्रॅमरांच्या हलगर्जीपणातून आले असते तर चार दशकांत ते नाहीसे झाले असते. ते टिकून राहिले याचे कारण असे की, नेटवर्क ज्या क्रमाने घडत गेले त्या क्रमातच त्यांची मुळे आहेत. ही मुळे मुख्यतः दोन आहेत. समोरून उत्तर आले नाही म्हणजे समोर कोणी नाही, असे समजणे हे पहिले. आणि यंत्राचा पत्ता म्हणजेच त्या यंत्राची ओळख, असे धरून चालणे हे दुसरे. उपकरणशोधाचा इतिहास म्हणजे या दोन गृहीतकांवर उभारलेल्या आणि त्यांच्यामुळेच अपुऱ्या ठरलेल्या उपायांचा इतिहास होय.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पा या संशोधन संस्थेने उभारलेले अर्पानेट १९६९ साली सुरू झाले, तेव्हा त्यावर चारच केंद्रे होती : कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस आणि सांता बार्बारा येथील केंद्रे, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ. इतक्या लहान नेटवर्कवर शोध घेण्यासारखे काही नव्हते, कारण प्रत्येक यंत्र जोडणाऱ्यांना ठाऊक होते. यंत्रे वाढू लागली तशी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्राने, म्हणजे एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील चमूने, सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते लिहिलेली एक फाइल ठेवायला सुरुवात केली. होस्ट्स.टीएक्सटी या नावाने ओळखली जाणारी ही फाइल प्रत्येक केंद्राने वेळोवेळी उतरवून घ्यायची, असा प्रघात होता. नवे यंत्र जोडणाऱ्याने केंद्राला कळवायचे आणि केंद्राने ते नोंदवायचे, ही पद्धत म्हणजे खरी नोंदवही होती. तिच्यात चुका होत, पण यंत्राच्या मालकाने स्वतः सांगितलेली माहितीच तिच्यात येत असल्यामुळे अस्तित्व आणि ओळख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सिद्ध होत.

ही नोंदवही वाढीच्या वेगापुढे टिकली नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये तिच्यात २१३ यंत्रे होती, ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२ झाली आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये तो आकडा १,०२४ वर गेला. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस या व्यवस्थेचा आराखडा मांडला. नावांची जबाबदारी प्रत्येक संस्थेने आपापल्या हद्दीत सांभाळावी आणि वरच्या पातळीवर फक्त कोणाला विचारायचे एवढेच ठेवावे, ही त्यामागची कल्पना होती. तिच्यामुळे इंटरनेटला वाढता आले. परंतु त्याच निर्णयाने संपूर्ण नेटवर्कची एकत्रित यादी कोणा एकाकडे असण्याची शक्यता कायमची संपवली. त्यानंतर जी यादी हवी असेल ती विचारून, चाचपून आणि तर्क करूनच तयार करावी लागणार होती.

या बदलाचा परिणाम मार्क लॉटर यांच्या कामात अगदी स्पष्टपणे पाहता येतो. त्यांनी डीएनएसमधील एकेका विभागाची संपूर्ण नोंद मागवत पुढे सरकणारा प्रोग्रॅम लिहिला आणि इंटरनेटवरील यंत्रांची नियमित मोजणी सुरू केली. जानेवारी १९९२ च्या मोजणीत ७ लाख २७ हजार यंत्रे सापडली. पुढे सुरक्षेच्या कारणावरून अधिकाधिक संस्था आपली संपूर्ण नोंद परक्या व्यक्तीला देण्यास नकार देऊ लागल्या, तेव्हा जानेवारी १९९८ पासून पद्धत बदलावी लागली आणि प्रत्येक पत्त्याला कोणते नाव दिले आहे, असे उलट्या दिशेने विचारले जाऊ लागले. दोन्ही पद्धतींची तुलना करता यावी म्हणून जुलै १९९७ चा आकडा नव्या पद्धतीच्या हिशेबाने पुन्हा मांडण्यात आला. जुन्या पद्धतीने तो सुमारे १ कोटी ९५ लाख होता आणि सुधारित आकडा सुमारे २ कोटी ६० लाख भरला. नेटवर्क तेच, महिना तोच, तरीही ६५ लाखांचा फरक पडला. शिवाय एखाद्या पत्त्याला नाव दिलेले आहे एवढ्यावरून तिथे यंत्र चालू आहे असे सिद्ध होत नाही, ही मर्यादा नव्या पद्धतीलाही होतीच. कार्यालयाच्या तळघरातील स्विच शोधणारे सॉफ्टवेअर आणि जगभरची मोजणी करणारा हा प्रोग्रॅम यांच्यापुढचा प्रश्न एकच होता. फरक होता तो केवळ प्रमाणाचा.

इमारतीच्या आतील नेटवर्कचा इतिहास समांतर चालला होता. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून इथरनेटचा उगम झाला, आणि १९८० मध्ये डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून त्याचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रत्येक जोडणी-कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा क्रमांक मिळू लागला. यालाच मॅक पत्ता म्हणतात आणि त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून उत्पादक कळतो. याउलट इंटरनेटचा आयपी पत्ता हा यंत्र नेटवर्कमध्ये कुठे बसले आहे ते सांगतो आणि जागा बदलली की बदलतो. या दोन पत्त्यांची सांगड घालण्यासाठी डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये एआरपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांमधील संवादाचा ठरलेला नियम, मांडला. एखाद्या यंत्राला दुसऱ्याकडे माहिती पाठवायची असली की ते त्या टप्प्यातील सर्वांना उद्देशून अमुक आयपी पत्ता कोणाचा, असे विचारते; ज्याचा असेल ते आपला मॅक पत्ता कळवते आणि विचारणारे यंत्र ती जोडी काही काळ एका तक्त्यात जपून ठेवते. हा तक्ता पुढे उपकरणशोधाचा मोठा आधार ठरला, कारण राउटरच्या एआरपी तक्त्यात त्या परिसरात अलीकडे बोललेल्या प्रत्येक यंत्राची खूण सापडते.

यंत्र जागे आहे की नाही हे विचारण्याचे साधनही याच काळात आले. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयसीएमपी या प्रोटोकॉलमध्ये प्रतिध्वनीची विनंती आणि तिचे उत्तर, अशी संदेशांची एक जोडी होती. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी नेटवर्कमधील एक बिघाड शोधण्यासाठी तिच्या आधारे छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्यांच्या सोनार यंत्रणेच्या आवाजावरून त्याला पिंग हे नाव दिले. एकेका यंत्राच्या तपासणीसाठी केलेल्या या साधनाचा पुढे सरसकट वापर सुरू झाला. पत्त्यांच्या एका सलग पट्ट्यातील सर्व २५४ पत्त्यांना ओळीने पिंग पाठवायचे आणि जे उत्तर देतील तेवढी उपकरणे आहेत असे मानायचे, ही रीत जवळजवळ प्रत्येक व्यवस्थापन सॉफ्टवेअरने उचलली.

या रीतीतील गृहीतक असे होते की, प्रत्येक यंत्राला उत्तर देण्यात काहीच अडचण नसावी. १९८० च्या दशकातील विद्यापीठांच्या परस्परविश्वासाच्या वातावरणात ते बरोबरच होते. ऑगस्ट २००३ मध्ये मात्र वेल्चिया नावाचा किडा, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्रॅम, फैलावला. तो पत्त्यांना आधी पिंग पाठवून कोण जागे आहे ते पाही आणि मगच त्या यंत्रात शिरे. त्याच्या पिंग-संदेशांचा लोंढा इतका वाढला की अनेक संस्थांनी आपल्या सीमेवर, आणि कित्येकांनी आतही, हे संदेश अडवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर फायरवॉल मुळातच सुरू केलेली येऊ लागली आणि घराघरांतील व कार्यालयांतील संगणक अनाहूत विचारणेला गप्प राहू लागले. शिरगणतीसाठी आलेल्या माणसाने दार वाजवले आणि आतून कोणी आले नाही, एवढ्यावरून घर रिकामे आहे असे त्याला लिहिता येत नाही. सॉफ्टवेअर मात्र वर्षानुवर्षे तसेच लिहीत राहिले. याच्या नेमकी उलट चूकही घडते. काही फायरवॉल आपल्यामागील संपूर्ण पट्ट्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतात आणि मग जिथे दहा यंत्रे आहेत तिथे २५४ यंत्रांची नोंद होते.

नुसते अस्तित्व कळून भागत नाही. समोर काय आहे हेही कळावे लागते. त्यासाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन प्रस्ताव स्पर्धेत होते. जेफ्री केस, मार्क फेडर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये राउटरांच्या देखरेखीसाठी एक साधा प्रोटोकॉल मांडला होता. त्याच्या जोडीला क्रेग पार्ट्रिज आणि ग्लेन ट्रेविट यांचा अधिक समर्थ प्रस्ताव होता. आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेच्या चौकटीतील तिसरा, अवजड परंतु सर्वांगीण प्रस्तावही होता. इंटरनेटच्या नियामक मंडळाने १९८८ मध्ये तात्पुरती सोय म्हणून पहिल्याची सुधारित आवृत्ती आणि दूरच्या पल्ल्यासाठी तिसरा, असा निर्णय दिला, तर पार्ट्रिज आणि ट्रेविट यांचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. ऑगस्ट १९८८ मध्ये ही सुधारित आवृत्ती एसएनएमपी या नावाने प्रसिद्ध झाली आणि तात्पुरती म्हणून स्वीकारलेली तीच सोय जगभर रुजली.

एसएनएमपीचे यश तिच्या साधेपणात होते. पहिल्या आवृत्तीत केवळ पाच प्रकारचे संदेश होते आणि ते पोहोचल्याची हमी न देणाऱ्या यूडीपी या हलक्या वाहतुकीवरून जात, त्यामुळे अत्यल्प स्मृती असलेल्या यंत्रालाही त्यांना उत्तर देणे परवडे. प्रत्येक माहितीला एका जागतिक वृक्षातील अंकांचा मार्ग नेमून दिलेला होता. मार्च १९९१ मध्ये कीथ मॅक्लॉग्री आणि मार्शल रोझ यांच्या संपादनाखाली निघालेल्या तक्त्यानुसार १.३.६.१.२.१.१.१.० या मार्गावर यंत्राचे शब्दांतील वर्णन मिळते आणि १.३.६.१.२.१.१.२.० या मार्गावर त्याच्या जातीचा निदर्शक अंकमार्ग मिळतो. हा दुसरा मार्ग १.३.६.१.४.१ ने सुरू होतो आणि त्यापुढे उत्पादकाचा क्रमांक येतो : ९ म्हणजे सिस्को, ११ म्हणजे एचपी, ३११ म्हणजे मायक्रोसॉफ्ट. सॉफ्टवेअरजवळ असलेल्या कोशात तो अंकमार्ग सापडला की चित्र, नाव आणि प्रारूप ठरते. सापडला नाही तर उपकरण अज्ञात राहते. नवे प्रारूप बाजारात आल्यावर कोश अद्ययावत होईपर्यंत जो काळ जातो, त्या काळात ते यंत्र समोर असूनही यादीत अनोळखी असते, आणि ज्ञात दोषांच्या टिपणांतील मोठा हिस्सा या एका कारणाने भरलेला असतो.

उत्पादकाचे क्रमांक स्थिर राहतात, कंपन्या मात्र राहत नाहीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये एचपीचे दोन कंपन्यांत विभाजन झाले आणि त्यांतील हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या नव्या स्विचांवर ४७१९६ हा क्रमांक दिसू लागला, पण जुने स्विच ११ हाच क्रमांक सांगत राहिले आणि त्याच वर्षी विकत घेतलेल्या अरूबा कंपनीची उपकरणे स्वतःचा १४८२३ हा क्रमांक सांगत होती. एकाच कंपनीच्या उपकरणांची यादी मागितली तर तीन शाखा एकत्र आणाव्या लागतात. आणखी एक अडचण मुक्त सॉफ्टवेअरच्या यशातून आली. लिनक्सवर चालणारी असंख्य यंत्रे एसएनएमपीसाठी नेट-एसएनएमपी हेच पॅकेज वापरतात आणि उत्पादकाने ते बदलले नाही तर १.३.६.१.४.१.८०७२.३.२.१० हे उत्तर देतात. त्याचा अर्थ एवढाच की इथे लिनक्स आहे. ते यंत्र कॅमेरा असो, साठवणपेटी असो वा फायरवॉल असो, शोधणाऱ्याच्या यादीत ते लिनक्स सर्व्हर म्हणूनच उमटते.

विचारणाऱ्याचा अधिकार तपासण्याची सोयही तितकीच साधी होती. कम्युनिटी स्ट्रिंग नावाचा एक शब्द प्रत्येक विनंतीबरोबर उघड्या रूपात जाई आणि वाचनासाठी तो बहुधा पब्लिक हाच ठेवलेला असे. शब्द चुकला तर यंत्र नकार कळवत नाही, ते गप्प बसते. त्यामुळे यंत्र बंद आहे, वाटेत फायरवॉल आहे, संदेश हरवला किंवा शब्द चुकला, या चारही प्रसंगी शोधणाऱ्याला एकसारखीच शांतता ऐकू येते आणि तिच्यातून कारण निवडण्याचा कोणताही मार्ग प्रोटोकॉल देत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या एसएनएमपी अंमलबजावणीतील गंभीर त्रुटी उघड केल्यावर कित्येक ठिकाणी ही सेवाच बंद करण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिसरी, सांकेतिक लिपीने सुरक्षित केलेली आवृत्ती पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झाली, परंतु तिच्यासाठी प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र खाते आणि किल्ल्या लागतात, म्हणजे यंत्र ठाऊक असल्याशिवाय त्याला विचारता येत नाही. सुरक्षा वाढली तसा शोध कठीण झाला, आणि हे दोन्ही हेतू एकमेकांना असे छेद देतच पुढे गेले.

भारतात हा इतिहास काहीसा उशिरा, पण थेट येऊन मिळतो. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सुरू केलेल्या अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कमध्ये मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या संस्था आरंभापासून होत्या, आणि परदेशाशी होणारा ईमेलचा व्यवहार मुंबईच्या त्या केंद्रातून चाले. पुढे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आणि चेन्नईत विकासकार्य करणाऱ्या अॅडव्हेंटनेट या कंपनीने एसएनएमपीवर आधारित साधनांपासूनच सुरुवात केली. आज झोहो म्हणून ओळखली जाणारी कंपनी ती हीच.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एचपीच्या ओपनव्ह्यूसारख्या उत्पादनांनी या सगळ्या साधनांची गुंफण करून नेटवर्कचा नकाशा आपोआप काढायला सुरुवात केली. एका राउटरचा पत्ता बीज म्हणून द्यायचा, त्याच्याकडून मार्गांचा आणि एआरपीचा तक्ता मागवायचा, त्यात सापडलेल्या शेजाऱ्यांकडे हीच मागणी करायची आणि असे पसरत जायचे, ही पद्धत राउटरांपुरती उत्तम चालली. स्विच मात्र तिच्या हाती लागेनात, कारण स्विचमधून जाणाऱ्या संदेशावर स्विचची कोणतीही खूण उमटत नाही. कोणत्या दारामागे, म्हणजे तारेच्या कोणत्या जोडणीमागे, कोणता मॅक पत्ता आहे याचा तक्ता स्विचकडे असतो, पण त्यातील नोंद साधारणपणे पाच मिनिटे वापरली गेली नाही तर पुसली जाते. रात्री स्वस्थ असलेला प्रिंटर म्हणून त्या वेळच्या तक्त्यात नसतो आणि रात्री चालवलेल्या शोधात तो जोडणीविना लटकलेला दिसतो. १९९४ मध्ये सिस्कोने आपल्या उपकरणांना शेजाऱ्यांकडे ठरावीक काळाने स्वतःची ओळख पाठवण्याची सोय दिली. परंतु मध्ये दुसऱ्या कंपनीचा स्विच असला की तो हा संदेश न समजता तसाच पुढे पाठवी, आणि नकाशावर दोन सिस्को स्विच थेट जोडलेले दिसून मधला स्विच नाहीसा होई. सर्व कंपन्यांसाठीचा समान प्रोटोकॉल, एलएलडीपी, २००५ मध्ये प्रमाण म्हणून आला, तोवर अशा खोट्या तारांची सवय झालेली होती.

ओळखीचा प्रश्न याहून खोल होता. राउटरला जितक्या जोडण्या तितके आयपी पत्ते असतात, म्हणून पत्त्यावरून मोजले तर एक राउटर दहा भरतो. डीएचसीपी या १९९३ मधील व्यवस्थेने पत्ते ठरावीक मुदतीने भाड्याने देण्याची रीत आणली आणि काल एका संगणकाचा असलेला पत्ता आज दुसऱ्याकडे गेला. फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी पत्त्यांचे पट्टे ठरवून दिले गेल्यावर हजारो संस्थांनी तेच पट्टे वापरले आणि दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले की एकाच पत्त्याची दोन वेगळी यंत्रे एका यादीत येऊ लागली. मॅक पत्त्यावर भिस्त ठेवावी, तर डिजिटल इक्विपमेंटच्या डेकनेट व्यवस्थेने १९८० च्या दशकातच कारखान्याचा क्रमांक बदलून स्वतःचा बसवण्याची वाट दाखवली होती. पुढे आभासी यंत्रांच्या मॅक पत्त्यासकट नकला निघू लागल्या, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून व २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, यादृच्छिक मॅक पत्ता मुळातच वापरू लागले.

यावर उपाय म्हणून सर्व्हरच्या मदरबोर्डवर कोरलेल्या १२८ बिटांच्या यूयूआयडी या क्रमांकाचा आधार घेतला गेला. तो कोणत्याही नेटवर्कवर, कोणत्याही पत्त्याने गेले तरी बदलत नाही, अशी अपेक्षा होती. अडचण आली ती लिहिण्याच्या क्रमात. समजा क्रमांक ००११२२३३-४४५५-६६७७ असा सुरू होतो. इंटेल परंपरेतील संगणकांनी त्याचे पहिले तीन गट स्मृतीत उलट्या क्रमाने, म्हणजे ३३ २२ ११ ००, मग ५५ ४४, मग ७७ ६६ असे ठेवले, तर इंटरनेटच्या प्रमाणात सुलटा क्रम सांगितलेला होता. एका साधनाने बाइट उलटवून वाचले आणि दुसऱ्याने जसेच्या तसे वाचले, की एकाच सर्व्हरचे ००११२२३३ आणि ३३२२११०० असे दोन क्रमांक तयार होतात व यादीत दोन सर्व्हर उभे राहतात. हा क्रमांक यंत्रात कसा ठेवायचा ते ठरवणाऱ्या प्रमाणाच्या २.६ या आवृत्तीने उलटा क्रमच अधिकृत असल्याचे स्पष्ट केले, पण तोवर विकली गेलेली यंत्रे आणि लिहिली गेलेली साधने दोन्ही परंपरांत विभागलेली होती. त्याखेरीज काही स्वस्त मदरबोर्ड एकच क्रमांक किंवा नुसती शून्ये घेऊन बाजारात आले आणि तिथे उलट अनेक सर्व्हर मिळून एक झाले.

सर्व्हरच्या दुहेरी नोंदीचे दुसरे कारण म्हणजे त्याच्या पोटातील स्वतंत्र नियंत्रक. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे प्रमाण आणले, ज्यामुळे मुख्य संगणक बंद असतानाही एक छोटा संगणक त्याचे तापमान, पंखे आणि वीज यांवर लक्ष ठेवू शकतो. या नियंत्रकाला त्याचा स्वतःचा मॅक आणि आयपी पत्ता असतो, म्हणून शोधणाऱ्याला एका लोखंडी पेटीत दोन यंत्रे भेटतात. ती एकच आहेत हे अनुक्रमांकावरून जुळवावे लागते, आणि तो अनुक्रमांक वाचण्यासाठी दोन्हीकडे प्रवेशाचा अधिकार हवा असतो. २०१५ मध्ये आलेल्या रेडफिश या प्रमाणाने नियंत्रकालाच संपूर्ण यंत्राचे सुसंगत वर्णन देण्यास सांगितल्यामुळे हा गुंता बराच सुटला, पण जुन्या सर्व्हरांच्या बाबतीत तो तसाच राहिला.

शोधाची कृती निरुपद्रवी असते, असेही नाही. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने औद्योगिक नियंत्रणाच्या सुरक्षेवर काढलेल्या मार्गदर्शिकेत नोंदलेली एक घटना अशी की, यंत्रमानव चालवणाऱ्या नेटवर्कवर उपकरणे शोधण्यासाठी पिंगची फेरी चालवली गेली तेव्हा थांबलेला, नऊ फुटी यांत्रिक हात अचानक सक्रिय होऊन १८० अंशांत फिरला. त्याचा नियंत्रक फेरीपूर्वी प्रतीक्षेच्या स्थितीत होता आणि खोलीतील व्यक्ती केवळ त्या हाताच्या कक्षेबाहेर असल्याने वाचली. त्याच मार्गदर्शिकेत चिपनिर्मितीच्या कारखान्यात अशाच फेरीमुळे ५० हजार डॉलरच्या सिलिकॉन चकत्या वाया गेल्याची नोंद आहे. साध्या प्रिंटरांचा अनुभवही बोलका आहे. नेटवर्क-प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, जे येईल ते कागदावर उतरवतात, म्हणून त्या दारावर ओळख विचारणारा संदेश पाठवला की निरर्थक अक्षरांची पाने बाहेर पडतात. गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एनमॅप हा शोधप्रोग्रॅम या कारणाने सेवा ओळखताना ९१०० ते ९१०७ ही दारे आपणहून वगळतो. सावधगिरीचा हा नियम योग्यच आहे, पण त्याची किंमत म्हणून त्या दारांमागे असलेली वेगळी सेवा ओळखता येत नाही.

पत्ते ओळीने तपासण्याची जुनी रीत २०१३ मध्ये आपल्या शिखरावर पोहोचली. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप या प्रोग्रॅमने आयपीच्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचे संपूर्ण सार्वजनिक इंटरनेट एका यंत्रावरून ४५ मिनिटांच्या आत पालथे घालून दाखवले. परंतु ज्या सहाव्या आवृत्तीकडे जग सरकत होते तिच्यात एकाच कार्यालयीन उपविभागाला २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर अठरा शून्यांपेक्षाही जास्त पत्ते मिळतात. दर सेकंदाला १० लाख पत्ते तपासले तरी एवढा एकच उपविभाग संपायला ५ लाख ८४ हजारांहून अधिक वर्षे लागतील. मोजणीच्या या रीतीचा तिथे अंत होतो. त्यामुळे शोधाची दिशाच बदलावी लागली : सर्व दारे वाजवण्याऐवजी राउटरांचे शेजार-तक्ते, पत्ते देणाऱ्या सर्व्हरांच्या वह्या, वायफायच्या नियंत्रकांच्या नोंदी आणि क्लाउड सेवांची स्वतःची दप्तरे वाचून त्यांचा मेळ घातला जाऊ लागला. एका अर्थाने हा स्टॅनफर्डच्या नोंदवहीच्या तत्त्वाकडे, म्हणजे यंत्र जोडणाऱ्यानेच ते नोंदवावे या तत्त्वाकडे, वळण्याचा प्रयत्न आहे; फरक इतकाच की आता नोंदवह्या अनेक आहेत आणि त्या एकमेकींशी सहमत नसतात.

या चार दशकांच्या वाटचालीतून एक निष्कर्ष ठामपणे निघतो. उपकरणशोधातून हाती येते ती नेटवर्कची प्रतिमा नसते; ती निरनिराळ्या साक्षीदारांनी निरनिराळ्या वेळी दिलेल्या साक्षींची जुळणी असते. एआरपी तक्ता अलीकडे कोण बोलले ते सांगतो, एसएनएमपी यंत्र स्वतःविषयी काय म्हणते ते सांगते, स्विच कोणत्या दारातून आवाज आला ते सांगतो, आणि पिंगचे मौन तर काहीच सांगत नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरची कसोटी त्याच्या यादीच्या लांबीवर ठरू नये. प्रत्येक नोंद कोणाच्या साक्षीवरून, कोणत्या वेळी आणि कोणत्या पद्धतीने झाली हे ते जपते का, उत्तर न देणारे, परवानगी न मिळालेले आणि खरोखर काढून टाकलेले यंत्र यांना ते तीन वेगळ्या रकान्यांत ठेवते का, आणि दोन साक्षी विसंगत असतील तेव्हा एक गुपचूप पुसून टाकण्याऐवजी तो विरोध प्रशासकासमोर मांडते का, हे प्रश्न विचारले जायला हवेत. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील यंत्रे, वीजकेंद्रांचे नियंत्रक आणि बँकांचे सर्व्हर आज याच याद्यांच्या भरवशावर दुरुस्त आणि सुरक्षित ठेवले जातात. यादीत नसलेल्या यंत्राची दुरुस्ती कोणी करत नाही, पण हल्लेखोराला मात्र ते सापडू शकते. ज्ञात दोषांची टिपणे ज्या खात्यांत निव्वळ गैरसोयीची यादी म्हणून फाइल केली जातात, त्या खात्यांनी ती आपल्या माहितीच्या मर्यादांचे दस्तऐवज म्हणून वाचली, तर कोणत्या साक्षीवर किती विसंबायचे याचा निर्णय त्यांना अपघातापूर्वी घेता येईल.